खांद्यावरची मान

लहान मूल आणि घोडा असला सिनेमा टीव्हीवर लागला की मी उठून बाहेर जातो. घरात सगळ्यांना वाटतं, बाप हळवा आहे, रडू येतं म्हणून जातो. वाटू दे. खरं कारण मी आजवर कोणापुढे काढलेलं नाही — बायकोपुढे नाही, भावापुढे नाही. नमाजानंतर दुवा मागतानासुद्धा हा विषय टाळून मागतो, जणू वर कोणाला काही दिसतच नाही. तुम्ही मला ओळखत नाही, तेच बरं आहे. ओळखत असता तर तुम्हालाही सांगितलं नसतं.

आधी त्या सिनेमांबद्दल बोलतो. ते बोलायला सोपं जातं.

तुम्ही मुलांना घेऊन बसता ना बघायला? मारामारी नाही, घाणेरडं काही नाही, घरच्यांसोबत बघण्यासारखा आहे — असं म्हणून? त्यात एक मूल असतं. त्याला आई नसते, नाहीतर बाप नसतो. एक घोडा असतो, तो कोणाला जवळ येऊ देत नाही. मूल हात पुढे करतं, घोडा फुरफुरतो, व्हायोलिन वाजतं आणि झालं — जन्माची दोस्ती. मग कोणीतरी नालायक तो घोडा विकतो. मग घोडा परत येतो. धावत येतो, आयाळ उडवत, स्लो मोशनमध्ये. त्या घोड्याला कधी माशा बसत नाहीत. तो लीद टाकत नाही. आणि तो कधी — कधीच — त्या मुलाकडे पाठ करून नुसता गवत खात उभा राहत नाही. मला ते सिनेमे काढणाऱ्यांचा राग येतो. ते बघून डोळे पुसणाऱ्यांचा त्याहून जास्त येतो. घोड्याच्या मनातलं तुम्हाला काय कळतं हो? मला तरी काय कळतं?

आणि त्यातलाच एक सिनेमा माझ्या घोडीवर झालेला आहे. नाव सांगत नाही. बघितलाही असेल तुम्ही.

आमचं घर खालापूरचं. आजोबा टांगा चालवायचे. टांगे गेले तेव्हा वडलांनी वरातीला घोडे द्यायला सुरुवात केली, तेच मी पुढे चालवलं. गुलाब ही माझी सगळ्यात देखणी घोडी, पांढरीशुभ्र. वरातीच्या घोडीचं काम काय असतं, माहीत आहे? उभं राहायचं. फटाके वाजतायत, पोरं शेपूट ओढतायत, नवरदेवाचा मामा पिऊन गळ्यात पडतोय — उभं राहायचं. बँड लागला की जागच्या जागी पाय नाचवायचे. धावायचं नाही. धावणारी घोडी वरातीला कोण घेईल?

सिनेमावाले कर्जतच्या बाजूला नेहमीच पडलेले असतात. त्यांना पोरांना न बुजणारा पांढरा घोडा हवा होता, कोणीतरी माझं नाव सांगितलं. गोष्टीत तो घोडा होता, घोडी नव्हे. गुलाब नुकतीच व्यायली होती, तिची कास भरलेली. म्हणून त्यांनी तिच्या पाठीवर लांब झूल टाकली आणि माझी घोडी घोडा झाली. शिंगरू तिच्याबरोबर होतंच. काळपट तपकिरी — पांढऱ्या घोड्यांची शिंगरं जन्मतात तशीच, मग मोठी होत होत पांढरी होतात. माझ्या मुलीनं, सबानं, त्याचं नाव बिस्किट ठेवलं होतं.

सबा तेव्हा दहाएक वर्षांची. सिनेमातला हिरो मुंबईचा एक गोंडस मुलगा होता. त्याला घोड्याची भीती वाटायची आणि जवळ गेलं की शिंका यायच्या. हसू नका, खरं आहे. तेव्हा पाठमोरं दिसायचं असेल तिथं त्याच्या जागी सबाला उभं करायचं ठरलं. केस मुलासारखे कापायला हवे होते. फरीदानं, माझ्या बायकोनं, कपाळावर आठ्या घातल्या, तर पोरीनं स्वतःच आरशासमोर कात्री घेतली. सगळ्या शाळेत सांगून आली. मास्तरांनाही सांगून आली.

आणि काम काय होतं? एकच. ठाकुरवाडीच्या खालच्या अंगाला एक माळ आहे, वर घाटातली आगगाडी दिसते. त्या माळावर मूल हात पसरून उभं आहे, आपल्याला पाठमोरं. पलीकडून घोडा सुसाट येतो, मुलापाशी थांबतो, त्याच्या खांद्यावर मान टाकतो. सिनेमाचा शेवट.

गुलाब धावेना.

चंदीची, भिजवलेल्या दाण्याची, बादली दाखवली — चालत आली. कोणीतरी डोकं चालवून मोबाइलवर बँड लावला — ती जागच्या जागी नाचायला लागली. सगळे हसले. मीही हसलो, पण माझे कान तापले होते. सबा हाका मारून मारून घसा बसवून बसली. एकदा तर गुलाब अर्ध्या वाटेपर्यंत आली, सबाकडे बघितलं आणि वळून झुडपाचा पाला ओरबाडायला लागली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्यातला एकजण मला म्हणाला, तुमची घोडी वरातीचीच, आम्ही मुंबईहून धावणारा घोडा मागवतो. त्या घोड्याबरोबर त्याच्या सवयीची पोरगी पण येते, तुमच्या मुलीची गरज नाही.

सबा रडली नाही. टेंपोत माझ्याशेजारी बसून तिनं नुसतं विचारलं, "अब्बा, गुलाबला मी आवडत नाय का?"

इथं तुम्हाला वाटेल, बिचारा बाप, मुलीसाठी केलं. नका तसं समजू. मी बऱ्याच वर्षांपासून स्वतःला तेच सांगत आलोय आणि त्याला चव राहिलेली नाही. माझ्या घोडीला त्या माणसानं सगळ्यांसमोर हिणवलं होतं, ते मला झोंबलं होतं. सबाचं पडलेलं तोंड मला निमित्त म्हणून आयतं मिळालं.

सकाळी मी बाईंकडे गेलो — दिग्दर्शन करणाऱ्या बाई, स्वभावानं चांगल्या होत्या — आणि सांगितलं, मी धाववतो तिला. रात्रीपासून मी शिंगरू वेगळं ठेवलं होतं. ते टेंपोत बांधून कॅमेऱ्याच्या मागे उभं करायचं, ताडपत्री लावून. घोडीला वास येतो, आवाज येतो. ती येणारच.

हे कोणी सुचवलं नव्हतं. माझं डोकं होतं. उलट बाईंनी विचारलं, "पिल्लाला काही होणार नाही ना?"

मी म्हणालो, "काय नाय होत, मॅडम. आमच्यात असंच करतात."

आमच्यात! कोण आमच्यात? माझे आजोबा शिंगरू अंगावर पीत असेपर्यंत घोडी टांग्याला जुंपत नसत. घरात चूल थंड राहिली तरी जुंपत नसत. आमच्या सात पिढ्यांत कोणी भुकेलं शिंगरू दाखवून घोडी पळवली नव्हती. पण 'आमच्यात' म्हटलं की शिकलेली माणसं गप्प बसतात, कोणाच्या रीतीला नावं कशी ठेवायची म्हणून. मला ते माहीत होतं. म्हणून तर म्हणालो.

सबाला सांगितलं, बिस्किट आज दुसऱ्या तबेल्यात आहे, पोट बिघडलंय त्याचं. तिला माळावर उभी केली. तिच्या मागे कॅमेरा, त्याच्या मागे लाकडी पेट्या रचलेल्या, माणसं, छत्र्या, आणि त्या सगळ्यामागे तो टेंपो. मी पलीकडे गुलाबला धरून उभा राहिलो. शिंगरू एकदा ओरडलं — आणि मी तिच्या तोंडावरची दोरी, मोरकी, सोडली.

कशी धावली! जन्मात कधी धावली नव्हती ती घोडी. टापांनी माती उडत होती. माझी मुलगी हात पसरून उभी होती आणि मी त्या आईला तिच्या अंगावर सोडली होती, हे तेव्हा माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. सगळेजण तोंड उघडून बघत होते आणि मला वाटत होतं — बघा, वरातीची म्हणत होतात ना?

ती थांबली, कारण पुढे वाट नव्हती. सबा, कॅमेरा, पेट्या. तुम्ही सिनेमात बघता ना, घोडा मुलाच्या खांद्यावर मान टाकतो? नीट बघा. ती मान टाकत नाहीये. खांद्यावरून मान पुढे काढतेय, जेवढी लांब होईल तेवढी. तिच्या नाकपुड्या फुलल्यात, कान पुढे रोखलेत. माझ्या मुलीनं तिच्या गळ्याला मिठी घातली आणि ती घोडी माझ्या मुलीच्या डोक्यावरून टेंपोकडे बघत होती.

एकदा करून भागलं असतं. भागलं नाही. एकदा घाटात गाडी आली, एकदा ऊन गेलं, एकदा झूल सरकून कास दिसली. दर वेळी गुलाबला ओढत माळाच्या टोकाला न्यायचं. बाई म्हणाल्या, जरा दूध पिऊ दे ना बाळाला. मीच म्हणालो, एकदा पाजलं की ती परत धावणार नाही. ते उन्हाळ्याचे दिवस होते आणि टेंपोचा पत्रा तापला होता.

वरच्या वाडीतली एक ठाकर बाई शूटिंगला पाणी आणून द्यायची. कमळीबाय म्हणायचे सगळे. ती हंडा घेऊन माझ्याजवळून जाताना थांबली. गुलाबच्या मागच्या पायांकडे बघत राहिली. कासेतून धार लागली होती, दोन्ही मांड्यांवरून दूध ओघळून खुरांपर्यंत आलं होतं. शूटिंगची पोरं घाम समजून फडक्यानं पुसत होती.

"दादा, घोडी पान्हावलीय रं तुझी," कमळीबाय म्हणाली. "पोर कुठं हाय तिचं?"

टेंपो तिथंच होता, शंभर पावलांवर. मी म्हणालो, "मेलं."

का म्हणालो? तिनं गप्प बसावं म्हणून. दुसरं काही सुचलं नाही — किंवा सुचलं असेल, पण हे सगळ्यात लवकर संपणारं होतं. ती "अरारा" म्हणाली, हंडा खाली ठेवला आणि गुलाबच्या कपाळावरून ओला हात फिरवला. गुलाबनं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

ऊन कलल्यावर टेंपो उघडला. शिंगरू बसलेलं होतं. उठलं, पडत पडत गेलं आणि पिऊ लागलं. मला वाटलं, चला, झालं. सबाचं काम संपलं होतं, तिला फरीदाकडे पाठवून दिली. आम्ही पुढच्या शूटिंगसाठी तिथंच थांबलो. शिंगराला हगवण लागली. मी डॉक्टर लगेच बोलावला नाही. कशानं झालं म्हणून विचारेल, ही भीती. बोलावला तेव्हा त्यानं नुसती मान हलवली.

माळाच्या कडेला खड्डा खणत होतो तेव्हा कमळीबाय पाण्याला निघाली होती. ती आली, शिंगराकडे बघितलं. अजून मऊ होतं ते.

"आज मेलं व्हय, दादा?" एवढंच म्हणाली आणि गेली.

घरी मी सांगितलं, बिस्किटला घाटावर एका शेठच्या फार्मवर दिलं, चांगली जागा आहे, हिरवळ आहे. सबा माझ्याशी कितीतरी दिवस बोलली नाही. मला न विचारता दिलं म्हणून. तिचा तो राग मी मुकाट्यानं सोसला आणि वर स्वतःला शहाणा समजलो, की बघ, मुलीसाठी सोसतोय. कसली नीच सोय होती ती!

सिनेमा आला. लोकांना आवडला. तो शेवटचा तुकडा पुढे सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला, अजून फिरतो. त्यात गुलाबच्या मांड्यांवर ऊन चमकतं आणि लोक खाली लिहितात, बघा, घोडा पण घामानं निथळतोय, किती लांबून धावत आला असेल. खिंकाळणंही तिचं नाही. नंतर कुठल्यातरी दांडग्या घोड्याचं चिकटवलंय.

आणि सबा — सबानं आयुष्य त्या तुकड्यावर उभं केलं. हे मी तुम्हाला कसं समजावू? शिकली, तालुक्यात चांगली नोकरी मिळत होती, ती सोडली. दहिवलीच्या पुढे एका फार्महाउसवर घोडे ठेवून मुंबईच्या मुलांसाठी कँप घेते. पहिल्या दिवशी मुलांना तो तुकडा दाखवते. सांगते, हा मुलगा म्हणजे मी. गुलाबला कोणी शिकवलं नव्हतं. दोन दिवस ती आली नाही, कारण मी घाबरलेली होते. तिसऱ्या दिवशी माझं मन साफ झालं आणि ती धावत आली. घोड्याला मन कळतं. मुलं डोळे मोठे करून ऐकतात. मी मागे उभा राहून घोड्यांना चंदी घालत असतो.

कँपच्या शेवटच्या दिवशी आईबाप येतात आणि मग ती 'मिठी' असते. एक मूल हात पसरून उभं राहतं, लांबून घोडी सोडतात. तिची जुनी घोडी गुळाच्या लालचीनं यायची आणि थांबायची. ती म्हातारी झाली म्हणून मागच्या हिवाळ्यात नवी आणली. तिच्याबरोबरच्या पहिल्या मिठीच्या सकाळी सबा चहा घेऊन माझ्यापाशी आली.

"अब्बा, नवीन हाय ही. थांबेल ना? गुलाब तर न शिकवताच थांबलेली माझ्यापाशी."

बोलायला जागा होती. वेळ होता. गरम चहा होता हातात. मी म्हणालो, "थांबेल गं."

घोडी मीच सोडली.

आठ वर्षांची मुलगी होती ती. हसत उभी होती, डोळे मिटून — सबानंच शिकवलं होतं डोळे मिटायला. घोडी थांबली नाही. मुलीच्या मांडीचं हाड मोडलं. तिच्या आईचा आवाज अजून माझ्या कानातून जात नाही. मूल वाचलं, चालतंय आता, पाय टाकताना वाकडा टाकतं. आईबापांनी सबाला जे म्हणायचं ते म्हटलं. माझ्याकडे तर कोणी वळूनही बघितलं नाही. म्हातारा मोरकी धरणारा, त्याला काय विचारायचं?

सबानं कँप बंद केला. घोड्यांपाशी जाईना. फरीदा विचारायची तेव्हा एकच सांगायची, की गुलाबला माझ्यात जे दिसलं होतं ते आता माझ्यात राहिलेलं नाही, माझ्याच मनात कुठंतरी खोट आली, म्हणून ती घोडी थांबली नाही. मी त्याच खोलीत बसलेलो असायचो. समजलं ना तुम्हाला? माझी मुलगी स्वतःच्या मनात खोट शोधत होती आणि मी तिथंच बसून भाकरी मोडत होतो.

मग मागच्या महिन्यात ती म्हणाली, "अब्बा, मला बिस्किटकडं घेऊन चला. घोडे लई वर्षं जगतात. एकदा बघायचंय, तो तरी मला ओळखतो का."

नाही म्हणता आलं असतं. मेला म्हणता आलं असतं — एकदा तर किती सहज म्हणालो होतो! मी मोटारसायकल काढली. तिला मागे बसवून घाट चढलो. फार्मच्या दारांवर थांबून, शेठचं नाव आठवत नाही म्हणत, मीच वॉचमनला विचारत राहिलो — खालापूरहून आलेला पांढरा घोडा आहे का, पूर्वी लहान असताना तपकिरी होता. मी पुरलेल्या जनावराचं वर्णन करत फिरत होतो आणि माझा आवाज कुठं अडकलाही नाही.

दुपारी एका फार्मच्या कुंपणाशी एक पांढरा घोडा उभा होता, सुस्त, वयस्क. वॉचमन नवा होता, त्याला काही ठाऊक नव्हतं. सबा कुंपणाजवळ गेली. घोड्याच्या मनात काय आलं देव जाणे, बहुतेक तिच्या ओढणीला चंदीचा वास असेल — तो दोन पावलं पुढे आला आणि त्यानं तिच्या खांद्याला नाक लावलं.

सबानं मागे वळून माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते. दहा वर्षांची असताना होते तसेच.

"हाच का, अब्बा?"

मी म्हणालो, "हाच."

तिनं त्या परक्या घोड्याच्या गळ्यात हात टाकले आणि ढसाढसा रडली. येताना पूर्ण घाटभर माझ्या पाठीला डोकं टेकून बसली होती. घरी आल्यावर फरीदाला म्हणाली, माझ्यात काही बिघडलेलं नाही. खूप दिवसांनी पोटभर जेवली.

त्या नव्या घोडीला ती पुन्हा हाताळायला लागली आहे. कँपचा फलक परत लावलाय. येत्या शनिवारी मुंबईहून मुलं येणार आहेत, शेवटच्या दिवशी मिठी आहे, आणि घोडी सोडायला तिनं मलाच सांगितलंय. मैदानातले दगड मी आज सकाळी वेचून काढले.